जुन्या शॉर्टवेव्ह संचाच्या नोंदी

६ सप्टेंबर २०२५, शनिवार

आजपासून ही वही. काम एवढंच : जुना, हातात मावणारा शॉर्टवेव्ह रेडिओ घ्यायचा, तो नीट करायचा आणि रोज ऐकायचा.

घ्यायला निघण्याआधी स्वतःशी ठरवून ठेवतो आहे, कारण संच समोर आला की डोळे भुलतात. मला आकडी डायल हवा. काट्याच्या डायलचं मलाही प्रेम आहे, पण हिशेब बघा : ३१ मीटर बँड म्हणजे ९४०० ते ९९०० किलोहर्ट्झ. शॉर्टवेव्हची प्रसारणं ५ किलोहर्ट्झच्या पायरीवर बसतात, म्हणजे या एका बँडात शंभर जागा. साध्या काट्याच्या संचात हा बँड बोटभर पट्टीत येतो. त्यात ९६४५ वर आहोत की ९६५५ वर हे काटा सांगू शकत नाही. एखादं मंद स्टेशन काल कुठे होतं हे आज सापडायला हवं असेल तर आकडाच लागतो.

दुसरं, दुहेरी रूपांतरण, म्हणजे आलेली लहर संचात दोन टप्प्यांत दुसऱ्या वारंवारतेवर आणणं. याची परीक्षा कशी घ्यायची ते पुढे लिहीन. तिसरं, एसएसबी, म्हणजे लहरीची एकच बाजू, वरची किंवा खालची, ऐकायची सोय. ते फक्त हौशी रेडिओवाल्यांचं बोलणं ऐकायला लागतं असा समज आहे. मला ते संचाची नाडी, म्हणजे डायलचा आकडा किती अचूक आहे ते, बघायलाही हवं आहे. चौथं, साधे पेन्सिल सेल चालले पाहिजेत. खास आकाराची बॅटरी मिळेनाशी झाली की चांगला संचही कपाटात जातो.

मनात असलेली नावं : सोनी आयसीएफ-एसडब्ल्यू७६००जीआर, चार पेन्सिल सेलवर चालणारा, एसएसबी आणि सिंक्रोनस डिटेक्शन (विरणारं स्टेशन स्वच्छ ऐकवणारी सोय) दोन्ही असलेला. आयसीएफ-२०१० हा १९८५ चा, ऐकायला अप्रतिम, पण तीन मोठे सेल आणि वर दोन पेन्सिल सेल मागतो. पिशवीत टाकून फिरायचा संच तो नव्हे. टेकसन पीएल-६६० त्यामानाने अलीकडचा, त्यातही सिंक्रोनस आहे. पॅनासॉनिक आरएफ-२२०० वर मीडियम वेव्हसाठी फिरवता येणारा एरियल आहे, बघत बसावं असा, पण डायल काट्याचा. यांतलाच मिळावा असा हट्ट नाही. कंपनीच्या नावापेक्षा हातात आलेल्या नगाची अवस्था मोठी. तीस वर्षांत तो कुठे पडून होता आणि पोटात सेल ठेवून पडून होता का, यावर सगळं अवलंबून.

१३ सप्टेंबर, शनिवार

दोन संच पाहिले, दोन्ही नाही घेतले.

पहिला काट्याचा, नऊ बँडचा, दिसायला देखणा. संध्याकाळी ११.८ मेगाहर्ट्झच्या आसपास एक दणदणीत स्टेशन लागलं. मग काटा हळूहळू खाली सरकवत १०.९ पर्यंत आणला, तर तिथे तेच स्टेशन, तोच निवेदक, जरा मंद आणि शिट्टी मिसळलेला. एकेरी रूपांतरणाची ही खूण. अशा संचात मधली वारंवारता (आलेली लहर आत ज्या वारंवारतेवर आणतात ती) ४५५ किलोहर्ट्झ असते आणि आतला ऑसिलेटर, म्हणजे संचाची स्वतःची लहर तयार करणारा भाग, डायलच्या आकड्याहून ४५५ ने वर चालतो. त्याहून आणखी ४५५ ने वर जे काही असेल तेही आत शिरतं. म्हणून खऱ्या स्टेशनाच्या ९१० किलोहर्ट्झ खाली त्याचं भूत उमटतं. दुहेरी रूपांतरणाच्या पुष्कळशा आकडी संचांत पहिली मधली वारंवारता ५५ मेगाहर्ट्झच्या आसपास उंच ठेवतात. त्यामुळे भूत शॉर्टवेव्हच्या बाहेर, शंभरावर मेगाहर्ट्झ पलीकडे जातं आणि पुढचा फिल्टर त्याला सहज अडवतो. ही परीक्षा पाच मिनिटांत होते, अवजार लागत नाही. एक दणकट स्टेशन पकडा, ९१० वजा करा, तिथे जाऊन ऐका.

दुसरा संच आकडी, जवळजवळ नवा. पेटी, पट्टा, माहितीपुस्तिका, सगळं जागेवर. सेलचा कप्पा उघडला तर आत पांढरा खरपुड्यांचा थर, एक स्प्रिंग कुजून तुटलेली आणि हिरवं पूट तारेच्या आवरणाखाली शिरलेलं. तार किंचित वाकवली तर कडक. आवरणाखालून वर चढत गेलेला हा गंज बोर्डापर्यंत पोचला असणार, आणि तो किती दूर गेला हे संच फोडल्याशिवाय कळत नाही. बाहेरचा ओरखडा दिसतो तेवढाच असतो. सेलची गळती दिसते त्याहून मोठी असते. जड मनाने परत ठेवला.

२० सप्टेंबर, शनिवार

घेतला.

बाहेरून दोन्हींपेक्षा वाईट. मागच्या कोपऱ्याला पडल्याचा घाव, पुढची अक्षरं बोटांनी पुसलेली. पण कप्प्यावर टॉर्च मारला तर स्प्रिंगा चकचकीत, एकाच टोकाला तीळभर पांढरं. कुणीतरी वापरून झाल्यावर सेल काढून ठेवत होतं. वास घेतला : बंद कपाटाचा वास, बाकी काही नाही. कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) गळले असते तर माशासारखा कुबट वास येतो. हलवून पाहिला, आत सुटा स्क्रू नाही.

विकणारे म्हणाले, “बघा हं, खरं तेच सांगतो. मीडियम वेव्ह छान लागतं, शॉर्टवेव्हला नुसता सूऽऽ. आणि स्पीकरही मधेच बंद पडतो. दुरुस्तीलाच काढावा लागेल.”

मी म्हटलं, “अर्धा तास बसून बघू का?”

“बसा की.”

बरोबर चार ताजे सेल, इअरफोन आणि ३.५ मिलिमीटरच्या पिनेला जोडलेली तीन मीटर तार नेली होती. बाहेर मोकळ्यावर बसलो, सूर्यास्ताला पाऊण तास असताना. ही वेळ मुद्दाम निवडली. उजेड असेपर्यंत १६ आणि १९ मीटर जिवंत असतात, अंधार पडला की ४९ आणि ४१ मीटर जागे होतात. एकाच बैठकीत संच वरपासून खालपर्यंत तपासून होतो.

एरियल पूर्ण ओढून १५ मेगाहर्ट्झ : नुसता सूऽऽ. ९ मेगाहर्ट्झ : तसंच. मीडियम वेव्ह खणखणीत. याचा अर्थ ऑडिओ, दुसरी मधली वारंवारता आणि डिटेक्टर ठीक. मीडियम वेव्ह आतल्या फेराइटच्या दांड्यावर चालतं, शॉर्टवेव्ह बाहेरच्या एरियलवर. मग बाहेरच्या एरियलच्या भोकात तारेची पिन खोचली आणि एकदम पूर आला. १९ मीटरवर स्टेशनाला स्टेशन लागून. पिन काढली की पुन्हा सूऽऽ.

म्हणजे पुढचा एफईटी, एरियलची लहर आधी झेलणारा ट्रान्झिस्टर, जिवंत. स्थिर विजेच्या झटक्याने तो गेला असता तर तारेनेही काही आलं नसतं. रोग आहे तो एरियलच्या दांड्यापासून बोर्डापर्यंतच्या चार बोटांच्या वाटेत. आणि स्पीकर? इअरफोन लावला की आवाज स्वच्छ, काढला की स्पीकर कधी बोलतो कधी नाही. दोन तक्रारी, पण दोन्ही भोकांपाशीच. मला तिथेच पटलं की आजार एकच आहे, दोन ठिकाणी झालेला.

बाकी : व्हॉल्यूमला खरखर, ‘७’ चं बटण जोरात दाबावं लागतं, डायलचे सगळे आकडे पूर्ण उमटतात, दिवा लागतो. एरियलचे सातही भाग सरळ.

२१ सप्टेंबर, रविवार

आज फक्त बाहेरची सफाई. आत शिरायची घाई नको होती.

स्प्रिंगच्या टोकावरचं पांढरं कापसाच्या काडीवर व्हिनेगर घेऊन टिपलं. बारीक बुडबुडे आले, म्हणजे अल्कलाइन सेलचंच. त्यातून गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचं कार्बोनेट होतं आणि आम्लाने ते विरघळतं. जुन्या झिंक-कार्बन सेलची गळती मात्र आम्लधर्मी असते. तिथे व्हिनेगर नको, खाण्याच्या सोड्याचं पाणी. बुडबुडे थांबल्यावर ऊर्ध्वपातित पाण्याची काडी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलची, मग तासभर उघडं. व्हिनेगर मागे राहू दिलं तर तेच स्प्रिंग खातं.

डायलच्या काचेला अल्कोहोलही लावलं नाही, फक्त ओलं मऊ फडकं. ती काच नसते, प्लास्टिक असतं. थिनर किंवा अ‍ॅसिटोन लागलं तर कायमची धुरकट.

२७ सप्टेंबर, शनिवार

आज उघडला. चार तास गेले, त्यातला तासभर नुसता बघण्यात.

सेल काढले. पुठ्ठ्यावर पाठीची आकृती काढली आणि जिथला स्क्रू तिथेच खोचला : चार लांब, दोन आखूड, त्यातला एक सेलच्या कप्प्यात लपलेला. तो दिसला नसता तर मी झाकण जोराने उपटलं असतं आणि खाच मोडली असती. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर बोर्डाला टोचतो, म्हणून हा पुठ्ठा. प्रत्येक पायरीला फोटो. आत हात घालण्याआधी दर वेळी धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज सोडली. पुढचा-मागचा बोर्ड जोडणारी पट्टीची केबल लॉक उचलूनच काढायची. तिथे नखभर घाई केली तरी तिचे तांब्याचे पट्टे चिरतात.

एरियलच्या पायथ्याशी स्क्रू, त्याखाली पत्र्याची जीभ, तिला तार, तार बाहेरच्या एरियलच्या भोकाकडे. या भोकात एक पाती असते. पिन नसताना ती बाजूच्या टोकाला टेकून दांडा बोर्डाला जोडते. पिन घातली की उचलली जाऊन दांडा तोडते. मल्टिमीटर लावला. दांड्यापासून जिभेपर्यंत ०.२ ओहम. जिभेपासून भोकाच्या पहिल्या पायापर्यंत तेवढंच. पातीच्या पलीकडे? आकडा ठरेना. कधी ३ किलोओहम, कधी ९, संच जरा हलवला की काहीच नाही.

रोग सापडला. तीस वर्षांत कुणी पिन घातली-काढली नसणार, पाती एकाच जागी टेकून राहिली आणि मध्ये सल्फाइडची काळी पापडी धरली. चांदीच्या मुलाम्याचं हे नेहमीचंच.

इलेक्ट्रॉनिक संपर्कांसाठीचा क्लीनर सुईच्या टोकाने एक थेंब सोडला, पिन तीस वेळा आत-बाहेर केली. ४० ओहमवर आलं. बरं, पण पुरेसं नाही. सँडपेपर घ्यायचा मोह झाला. नाही घेतला, मुलामा इतका पातळ असतो की तो एकदा घासला गेला की खालचं पितळ पुन्हा पुन्हा गंजत राहतं. साध्या जाड कागदाची दोन मिलिमीटर रुंद पट्टी कापली, अल्कोहोलने ओली केली, चिमट्याने पाती उचलून मध्ये सरकवली, पाती सोडली आणि पट्टी हळू ओढली. कागदावर पेन्सिलीने ओढावी तशी बारीक काळी रेघ. दुसऱ्या पट्टीवर फिकी. चौथ्यावर काही नाही. मीटर : ०.३ ओहम.

इअरफोनच्या भोकालाही हाच उपाय, तिथे तीन पट्ट्या लागल्या.

झाकण न लावताच सेल घालून, एरियल ओढून १५ मेगाहर्ट्झ. स्टेशन लागलं, स्पीकरवर, नुसत्या दांड्यावर. मी उभा राहून ऐकलं.

२८ सप्टेंबर, रविवार

व्हॉल्यूमचं पॉट : कार्बनच्या पट्टीवर फिरणारा हात. सेल काढून, कडेच्या फटीतून पॉटसाठीचा, थोडा वंगण असलेला क्लीनर एक फवारा, मग या टोकापासून त्या टोकापर्यंत चाळीस वेळा. बिजागऱ्यांना मारतात तो तेलाचा फवारा इथे चुकूनही नको. तो धूळ धरतो आणि काही प्लास्टिकं फुगवतो. रात्रभर सुकू दिलं.

‘७’ च्या बटणाखाली रबराची गादी, तिला काळी कार्बनची गोळी. गोळी आणि बोर्डावरचे पट्टे दोन्ही अल्कोहोलच्या काडीने. काडी काळी झाली. आता बटण बाकीच्यांसारखं.

४ ऑक्टोबर, शनिवार

आठवडाभर वापरला. बाहेर सुंदर, घरात मात्र ४ ते १२ मेगाहर्ट्झपर्यंत सतत गुरगुर, मंद स्टेशनं तिच्याखाली बुडालेली. ठरावीक अंतरावर ती वाढते, पुन्हा कमी होते, पुन्हा वाढते. आधी वाटलं, वीजपुरवठ्याचे कपॅसिटर वाळले. बोर्डाच्या फोटोवर तीन कपॅसिटरभोवती लाल गोल केले, यादी लिहिली.

ज्यांनी आयुष्यभर रेडिओच दुरुस्त केले त्या ओळखीच्या काकांना रात्री फोन केला. त्यांनी एकच विचारलं, “सेलवर चालतोय ना? मग घराची वीज बंद करून ऐकलंस का?”

“नाही काका.”

“आधी ते कर. मग सोल्डरिंगची इस्त्री तापव.”

५ ऑक्टोबर, रविवार

मुख्य स्विच खाली केला. गुरगुर नाहीशी. खोलीत एवढी शांतता या संचातून मी पहिल्यांदाच ऐकली. ४९ मीटरवर दोन स्टेशनांच्या मधल्या जागेतली बारीक सळसळसुद्धा.

मग एकेक जोडत गेलो. फ्रिज काही नाही, पंखा काही नाही. इंटरनेटच्या राउटरचा अ‍ॅडॉप्टर लावला आणि गुरगुर हजर. एका खोलीतला एलईडी दिवाही तिच्यात भर घालत होता, पण मुख्य तो अ‍ॅडॉप्टर. या छोट्या अ‍ॅडॉप्टरांत वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून विद्युतदाब उतरवतात. त्या तोडजोडीच्या पटी थेट शॉर्टवेव्हमध्ये येतात, म्हणून ठरावीक अंतरावरचे उंचवटे. तारा एरियलचं काम करतात.

अ‍ॅडॉप्टरच्या वायरीला फेराइटच्या जाड कड्यातून सात वेढे दिले. एक वेढा आणि सात यांत फरक सातपट नाही, जवळजवळ वेढ्यांच्या वर्गाइतका, म्हणून मोठ्या भोकाचं कडं शोधलं. दिवा बदलला. गुरगुर पूर्ण गेली नाही, पण संच खिडकीशी नेला की ऐकण्यात अडत नाही.

लाल गोलांची यादी फाडली नाही, तशीच आहे. कपॅसिटर बदलले असते तर तीन चांगले भाग उगाच उपटले गेले असते आणि गुरगुर तिथेच राहिली असती.

११ ऑक्टोबर, शनिवार

नाडी बघितली. १० मेगाहर्ट्झवर प्रमाणवेळेची केंद्रं अहोरात्र टिकटिकत असतात : अमेरिकेचं डब्ल्यूडब्ल्यूव्ही, हवाईचं डब्ल्यूडब्ल्यूव्हीएच, चीनचं बीपीएम. डब्ल्यूडब्ल्यूव्हीएचवर मिनिट संपायला पंधरा सेकंद असताना बाई वेळ सांगते, साडेसात सेकंदांनी डब्ल्यूडब्ल्यूव्हीवर पुरुष. दोघं एकाच मिनिटात ऐकू आले तर दोन वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी एकाच वेळी दांड्यावर आहेत. त्यांची वारंवारता कुठल्याही संचापेक्षा कितीतरी पट अचूक असते. मापायला याहून चांगली पट्टी फुकट मिळत नाही.

रीत अशी. संच तासभर चालू ठेवून स्थिर होऊ दिला. ९९९९ किलोहर्ट्झ, एसएसबीची वरची बाजू : वाहक लहरीचा सूर १००० हर्ट्झ यायला हवा. १०००१, खालची बाजू : तिथेही १०००. मोबाइलवर सूर मोजणारं अ‍ॅप समोर धरलं. वरच्या बाजूला ९४०, खालच्या बाजूला १०६०. म्हणजे संच दाखवतो त्याहून ६० हर्ट्झ वर आहे. १० मेगाहर्ट्झमध्ये ६० हर्ट्झ म्हणजे दहा लाखांत सहा भाग. भाषण-संगीत ऐकताना हे कानाला कळतही नाही.

आत एक ट्रिमर (वारंवारता जुळवायचा बारीक स्क्रू) आहे, तो पाव वळसा फिरवला की हे शून्यावर येईल. फिरवला नाही. फोनवर काकांना आकडे सांगितले. ते म्हणाले, “कॉइलच्या कोअरला, ट्रिमरला हात लावलास का?” म्हटलं, “नाही.” “मग लावूही नकोस. माझ्याकडे येणाऱ्या दहांतले कितीतरी संच आजारी नसतात रे, कुणीतरी कोअर फिरवलेले असतात. गंजलेला संपर्क मी तासात साफ करतो. फिरवलेल्या कॉइल परत जाग्यावर आणायला सिग्नल जनरेटर आणि दोन दिवस लागतात, आणि मेण फुटलेला फेराइट कोअर चिरला तर तोही मिळत नाही.” तारीख टाकून आकडे इथे लिहून ठेवले. सहा महिन्यांनी पुन्हा मोजीन. सरकले असतील तर बघू.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सात मीटर पातळ आवरणाची तार खिडकीतून बाहेर. १५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबीच पाच मीटर होते, संचाचा दांडा मीटरभरही नाही, म्हणून तारेने फरक पडणारच. पडला. मंद स्टेशनं वर आली.

पण रात्री ४१ मीटरवर घोळ. दोन दणकट स्टेशनं एकमेकांत मिसळून जिथे कुणी नाही तिथेही बडबडू लागली. पुढचा टप्पा अति ताकदीने भरून गेला की असं होतं. अ‍ॅटेन्युएटर (येणारा सिग्नल कमी करणारा स्विच) टाकला आणि बडबड गेली, खरी स्टेशनं राहिली. जास्त तार म्हणजे जास्त चांगलं असं नाही. या संचाला सात मीटर वरची मर्यादा. वीज कडाडायला लागली की, किंवा ऐकून झालं की, पिन बाहेर. पुढचा एफईटी नाजूक असतो आणि तार वाऱ्यातूनही स्थिर भार जमवते.

२६ ऑक्टोबर, रविवार

रोज संध्याकाळी लागणारं ९ मेगाहर्ट्झचं स्टेशन आज नाही. शेजारची दोनही नाहीत. लगेच झाकणाकडे हात गेला, वाटलं पाती पुन्हा मेली. मग मीटरने मोजलं : ०.३ ओहम. तारेनेही नाही.

आज ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. शॉर्टवेव्हची आंतरराष्ट्रीय वेळापत्रकं वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. ऋतू बदलला की आयनोस्फिअर (लहरी परतवणारा वातावरणाचा वरचा थर) बदलतं, म्हणून केंद्रं वारंवारता हलवतात. अर्ध्या तासात माझं स्टेशन खालच्या बँडात सापडलं, कालच्याहून स्पष्ट.

जुना संच घेणाऱ्यांनी ही दोन तारखांची खूणगाठ बांधून ठेवावी. संच बहिरा झाला म्हणून उघडण्याआधी तारीख बघावी. सध्या वरच्या बँडांना दिवसही चांगले आहेत : २५ वं सौरचक्र २०२४ च्या सुमारास शिखरावर होतं, त्यामुळे १३ मीटरही दुपारी जिवंत असतो. काही वर्षांनी सूर्य शांत झाला की हाच बँड रिकामा वाटेल.

८ नोव्हेंबर, शनिवार

एक खरा बिघाड. आवाज मोठा केला की ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला स्पीकर फडफडतो आणि डायलचा दिवा मंदावतो. आधी सेल बदलून पाहिले, ताज्या सेलवरही तेच. घराची वीज बंद करून पाहिली, तेच. मगच उघडला.

लाल गोलांतला एक, ऑडिओच्या चिपशेजारचा ४७० मायक्रोफॅरड, १० व्होल्टचा. बुडाशी तपकिरी कडा. काढून मोजला : १८०. चिपला एकदम वीज लागली की साठवणीतून द्यायची, तीच साठवण आटली होती. नवा ४७० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट, १०५ अंशांचा लावला. व्होल्टेज वरचं चालतं, खालचं नाही. ऋण पट्टीची बाजू फोटोवरून दोनदा ताडून पाहिली. उंच होता म्हणून आडवा निजवला आणि पायांना आवरण घातलं. खालचे पट्टे अल्कोहोलने धुतले, कारण गळलेलं द्रव तांबं खातं. उरलेले दोन मोजले, ठीक आहेत, जागेवर ठेवले.

ढोल आता ढोलासारखा.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दोन महिने झाले. मध्यम आवाजाला ९५ मिलिअँपिअर खातो, म्हणजे २००० मिलिअँपिअर-तासांच्या निकेल-मेटल हायड्राइड सेलवर साधारण वीस तास. ते १.२ व्होल्टचे असल्याने चारांचे ४.८ होतात, तरी संच कुरकुरत नाही. गळतीची भीती अल्कलाइनपेक्षा कमी, म्हणून हेच. बाहेरच्या विजेवर चालवत नाही : एक तर अ‍ॅडॉप्टरची गुरगुर, दुसरं म्हणजे मधली पिन धन की ऋण हे संचागणिक वेगळं असतं आणि चुकलं तर एका क्षणात सगळं जातं.

महिन्यातून एकदा दोन्ही भोकांत पिन दहा वेळा आत-बाहेर. व्हॉल्यूम टोकापासून टोकापर्यंत. एरियल कोरड्या फडक्याने, आणि आत ढकलताना वरच्या टोकावर दाबून नाही, खालच्या जाड भागापासून धरून. टोकावर दाबलं की मधला भाग वाकतो. आठवड्याहून जास्त वापरायचा नसेल तर सेल बाहेर. आधीच्या मालकांनी हेच केलं म्हणून तो माझ्यापर्यंत पोचला.

रात्री ५ मेगाहर्ट्झवर टिकटिक ऐकत बसलो. आज मिनिटाअखेर दोन्ही आवाज आले, आधी ती, मग तो, मधे समुद्रासारखी वर-खाली होणारी लाट. सिनपो (ताकद, अडथळा, गोंगाट, चढउतार आणि एकंदर दर्जा यांचे पाचपैकी गुण) : ३४४३३. एरियलच्या पायथ्याचा स्क्रू जरा सैल वाटला, पाव वळसा आवळला. पुढची मोजणी २९ मार्चला, वेळापत्रक बदलेल त्या रविवारी.